मेघसुरूचा बहर

दौलत गोरिवल्यांनी आयुष्यात दोनदाच कोट घातला. एकदा स्वतःच्या लग्नात, तोही मामाचा मागून आणलेला. आणि दुसऱ्यांदा २०४३ च्या फेब्रुवारीत, लेकीच्या सत्काराला. दापोलीजवळच्या एका वाडीत पन्नास वर्षं आंब्याची कलमं बांधणारा हा माणूस पुण्याच्या वृक्षसंशोधन संस्थेच्या सभागृहात पहिल्या रांगेत बसला होता. दोन्ही हात मांड्यांवर, पाठ ताठ, फोटो काढायला बसवावं तसा. कोटाच्या बाह्या लांब होत्या, पार बोटांपर्यंत आलेल्या, ते एक बरंच होतं. चिकाने काळी पडलेली नखं त्यात झाकली जात होती. हे बरं झालं असं वाटत होतं ते दौलतरावांना नव्हे. मंचावर बसलेल्या त्यांच्या मुलीला, डॉ. तृप्तीला.

सत्कार होता तो तिने केलेल्या एका गणतीचा. अरुणाचलच्या एका अरुंद खोऱ्यात मेघसुरू नावाचं झाड वाढतं. चार माड एकावर एक उभे करा, म्हणजे त्याच्या शेंड्यापर्यंत पोचाल. आणि शेंडा बहुतेक वेळा ढगातच असतो. पृथ्वीवर हे झाड दुसरीकडे कुठेही नाही. पायी हिंडून केलेल्या जुन्या गणतीत शंकू धरणारी झाडं फक्त दोनशे बारा भरली होती आणि म्हणून जागतिक वृक्ष-नोंद मंडळाच्या यादीत मेघसुरूपुढे गेली अनेक वर्षं एकच शब्द होता : अतिसंकटग्रस्त. तृप्तीने नवी गणती यंत्राने केली होती आणि तिचा आकडा होता एक हजार तीनशे चाळीस.

भाषणाच्या शेवटी तिने मागच्या पडद्यावर चित्र आणलं. तीस फूट उंच पडद्यावर एक मेघसुरू उभा राहिला, हिरवागार, फांदीफांदीला शंकू लगडलेले, पान दिसू नये इतके. सभागृहाने श्वास रोखला. आणि त्या शांततेत पहिल्या रांगेतून, शेतातल्या बांधावरून हाक मारावी तशा आवाजात, दौलतराव म्हणाले,

"ह्या झाड काय बरा नाय गो बाय! ह्या जाताय!"

लोकांनी वळून पाहिलं. संचालक खांबेटेसरांच्या भुवया वर गेल्या. तृप्तीच्या कानांच्या पाळ्या तापल्या. माइक हातात होता आणि शब्द जिभेवर तयार होता. "हे माझे वडील," ती हसून म्हणाली. "आंबा सोडून बाकी सगळी झाडं त्यांना आजारीच दिसतात."

सभागृह खळखळून हसलं. दौलतरावही हसले, थोडं उशिरा. मग त्यांनी हात तोंडावर ठेवला आणि कार्यक्रम संपेपर्यंत तो तिथून काढला नाही.

स्वारगेटला सोडायला जाताना ती गाडीत म्हणाली, "बाबा, चारचौघांत असं ओरडायचं नसतं. ती काय आपल्या वाडीतली आंब्याची बाग आहे?"

"चुकला माजा," ते म्हणाले. बसमध्ये बसल्यावर त्यांनी कोट काढून घडी केला आणि पिशवीत ठेवला.

*

आता हे यंत्र काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यापायी झालं.

चिमणीएवढी साठ उडती यंत्रं. तृप्ती त्यांना पाखरं म्हणायची. हा थवा खोऱ्यावर सोडला की प्रत्येक पाखरू लेझरच्या झोताने झाडाचा आकार उतरवून घ्यायचं, इतका बारीक की फांदीवरचा शंकूही मोजता यावा. दुसरं काम पानांचं. जिवंत पान ऊन खातं तेव्हा त्यातला एक कणभर उजेड ते परत टाकतं. डोळ्यांना दिसत नाही, पण पाखरांच्या कॅमेऱ्यांना दिसतो. पानाची चूल पेटती आहे की विझली, हे त्यावरून कळतं. पानं पेटती आणि अंगावर शंकू, म्हणजे झाड प्रौढ आणि धडधाकट. मंडळाच्या यादीत जात किती संकटात हे ठरतं ते अशा वीण देऊ शकणाऱ्या प्रौढ झाडांवरूनच. पोरंसोरं आणि वांझ झाडं त्यात धरत नाहीत. पूर्वी या कामाला शितावरून भाताची परीक्षा करावी लागे. चार टेकड्या हिंडायच्या आणि बाकीचा अंदाज बांधायचा. पाखरांनी भातातलं शीत न् शीत मोजलं. अकरा देशांनी हे यंत्र घेतलं आणि त्याच्यामागे नाव होतं तृप्ती गोरिवले.

पाखरं वरून बघत. झाडाच्या पायाशी काय चाललंय, ते बघायची सोय त्यांच्यात नव्हती.

पायाशी बघणारी एक बाई होती. आके मिहू, त्या खोऱ्यातली वनरक्षक, पन्नाशीची. दर महिन्याला ती आपली नोंद हिंदीत लिहून पाठवायची. सत्कारानंतरच्या सोमवारी अहवाल मंडळाकडे जायचा होता. सकाळी शेवटची नजर टाकताना आकेची नोंद तृप्तीपुढे आली. शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं होतं : 'एवढे शंकू माझ्या आईनेही पाहिले नव्हते. दोन वर्षं झाडांखाली अळंबी उगवलेली नाही. मला हे ठीक वाटत नाही.'

तृप्तीने ते दोनदा वाचलं. बाबांचं ओरडणं तिला आठवलं आणि त्याबरोबर हशाही आठवला. मरायला टेकलेलं झाड कधीकधी शेवटचा जोर लावून फळतं, हे पाठ्यपुस्तकातही एका ओळीत होतं. तिने ती ओळ परीक्षेत लिहून गुणही घेतले होते. पण पानांची चूल पेटती होती. आणि शेरा म्हणजे मोजमाप नव्हे. तिने रकान्यापुढचं 'वगळा' दाबलं. अहवाल गेला. दोन महिन्यांनी मेघसुरू 'अतिसंकटग्रस्त'वरून दोन पायऱ्या उतरून 'असुरक्षित'वर आला. वर्तमानपत्रांनी चांगली बातमी म्हणून पहिल्या पानावर छापलं.

शब्द बदलला की त्याच्यामागे बाकीचंही बदलतं. पूर्वी सबंध खोऱ्यात कुऱ्हाड न्यायला बंदी होती. आता ती वरच्या एक तृतीयांश भागापुरती उरली. खालच्या उतारावरून घाटरस्ता आखला गेला आणि त्याच्या वाटेत तीनशे शहाऐंशी मेघसुरू आले. 'असुरक्षित' जातीला तेवढी झाडं गेली तर चालतं, असा नियमच होता.

*

तीन वर्षांनी, २०४६ च्या मेमध्ये, आकेचा निरोप आला. या वेळी तिने शेऱ्यात काही लिहिलं नव्हतं. सरळ फोन केला होता. "मॅडम, शंकू तीन वर्षं पडतायत. रोप एक नाही. तुम्ही स्वतः या, पाखरं पाठवू नका."

तृप्ती गेली. गाडीरस्ता संपल्यावर दोन दिवस चालून. खोरं वरून जसं दिसायचं तसंच होतं, हिरवं. पण खालच्या उतारावर हिवाळ्यात तोडलेल्या चाळीस झाडांचे बुंधे होते, एकेक अंगणाएवढा रुंद. आकेने तिला पहिल्या बुंध्यापाशी नेलं आणि बोट ठेवायला सांगितलं. झाड दर वर्षी खोडात एक कडं वाढवतं हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असतं. आतली कडी बोटभर जाड होती. काठाकडची शेवटची नऊ कडी मिळून नखाएवढी भरत नव्हती.

"नऊ वर्षं हे जेवलं नाही," आके म्हणाली. "साठवणीतलं खात होतं."

पुढचं कोडं तृप्तीला कोणी उलगडून सांगायची गरज नव्हती. मेघसुरूची मुळं एकटी पाणी ओढत नाहीत. मातीतल्या बुरशीचे केसासारखे धागे त्यांना ते आणून देतात. अळंबी म्हणजे त्याच बुरशीचं वर आलेलं डोकं. ती बुरशी बर्फाच्या पांघरुणाखाली हिवाळा काढते आणि खोऱ्यात दहा हिवाळे बर्फ टिकलं नव्हतं. बुरशी बहुतेक सगळी मेली, बारीक मुळं मेली. पण नव्वद मीटरच्या खोडात पाण्याचा आणि अन्नाचा इतका साठा असतो की वर पानांची चूल वर्षानुवर्षं पेटती राहते. तो साठाही संपत आला, तेव्हा झाडाने उरलंसुरलं सगळं शंकूंत ओतलं.

तिने खालचे शंकू गोळा केले आणि खिशातली सुरी काढली. ही सुरी बाबांची होती, कलमं बांधायची. ती पीएचडीला गेली तेव्हा त्यांनी दिलेली. एका दगडावर बसून तिने दोनशे बिया उभ्या चिरल्या. एकशे सत्त्याण्णव फोल निघाल्या. आत पांढरा गर नाही, नुसती हवा. आके शेजारी बसून चिरलेल्या बिया ओळीने मांडत होती, आणि ती ओळ लांबत गेली तशी तृप्तीला मान वर करवेना.

"मी तुम्हाला लिहिलं होतं," आके म्हणाली. आवाजात राग नव्हता. "अळंबीचं. तुम्हाला पोचलं नाही का?"

तृप्ती काय सांगणार? पोचलं नाही म्हणावं तर खोटं आणि पोचलं म्हणावं तर त्याहून वाईट. "पोचलं होतं," ती शेवटी म्हणाली. आकेने मान हलवली आणि पुढची बी ओळीत ठेवली.

तिथे बसल्या बसल्या तिला परसातला रायवळ आंबा आठवला. ती सात वर्षांची असेल. आंबा फळत नव्हता. ग्रहणाच्या दिवशी बाबा कोयता घेऊन त्याच्यापुढे उभे राहिले, सालीवर दोन घाव घातले आणि मोठ्याने म्हणाले, "फळत नाय तं तोडूनच टाकताव!" वाडीतली ही जुनी रीतच होती, नि त्यात लहान पोराचंही काम ठरलेलं असे. तृप्तीने धावत जाऊन खोडाला मिठी मारायची. "नको, बाबा! सोडा त्याला! फळेल तो पुढल्या साली!" बाबा विचारायचे, "सोडू?" ती म्हणायची, "सोडा." मग कोयता खाली. पुढल्या साली आंबा खरंच वाकेपर्यंत फळला, आणि ती नाचायला लागली तेव्हा बाबांनी तिला जवळ घेऊन सांगितलं होतं, "भियाला की झाड फळता, बाय. त्या बगून खूस व्हवचा नसता. पुन्ना भिववला तं मरता."

जगात शंभर वनस्पतिशास्त्रज्ञ असतील ज्यांना ही चूक माफ होती. कलमं बांधणाऱ्याच्या पोरीला ती माफ नव्हती. तिला हे मिसरूड फुटलेल्या शास्त्राने नव्हे, बापाने कडेवर घेऊन शिकवलं होतं. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं पुस्तकात वाचलं होतं तिने; त्या दगडावर बसून पहिल्यांदा त्याचा अर्थ कळला.

*

खांबेटेसरांनी सगळं ऐकून घेतलं. वाईट माणूस नव्हते ते. संस्था त्यांनी तळहातावरच्या फोडासारखी जपली होती. त्यांनी टेबलावर मंडळाची नियमावली उघडली.

"दोन रस्ते आहेत," ते म्हणाले. "यंदाच्या फेरीत नवी माहिती हाती आली, असं तू ऑगस्टच्या सुनावणीत सांगितलंस, तर ती प्रामाणिक चूक. शब्द आहे तसाच राहील, नवी गणती होईल, दोन वर्षांत दुरुस्ती. तुझं नाव राहील, यंत्र राहील."

"दोन वर्षांत रस्ता झालेला असेल, सर. पाऊस संपला की तोड सुरू होणार."

"तू म्हणतेस ती झाडं मरणारच आहेत ना?"

"खालच्या उतारावरची दीडशे तरी अजून तग धरून आहेत. सगळ्यांत जुनी मुळं तिथे आहेत, थोडी बुरशीही. कलमं करायला काड्या घ्यायच्या तर त्याच झाडांच्या. बी तर फोल आहे. ती गेली की जात गेली."

खांबेट्यांनी पान उलटलं. "मग दुसरा रस्ता नववा नियम. अहवाल पाठवण्याआधी कोणी सावध केलं होतं आणि ते दडपलं गेलं, असं सिद्ध झालं, तर नोंद मुळातूनच रद्द. त्याच दिवशी जुना शब्द परत लागू. तोड तिथल्या तिथे थांबेल." त्यांनी चष्मा काढला. "आणि अहवाल लिहिणाऱ्याचं नाव मंडळाच्या यादीतून कायमचं जाईल. त्याने केलेली प्रत्येक गणती संशयात येईल. तुला कोणी सावध केलं होतं का, तृप्ती?"

तिने खाली पाहिलं. "विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि सांगायला विचार कसला लागतो, हे तिचं तिलाच ठाऊक नव्हतं असं नाही.

*

आषाढात ती घरी गेली. हे कोय-कलमांचे दिवस. दरवर्षी या दिवसांत ओटीवर उगवलेल्या कोयींचा ढीग, कलमं बांधायला केळीचे सोप आणि चार गडी असत. या वेळी ओटी झाडून स्वच्छ होती. बाबा झोपाळ्यावर बसले होते.

"कलमं?" तिने वहिनीला आत जाऊन विचारलं.

"बाबा बांधतात कुठे आता," वहिनी म्हणाली. "तीन वर्षं झाली. डोळ्यांना दिसत नाही म्हणतात. पेपर तर बिनचष्म्याचा वाचतात."

तृप्ती बाहेर येऊन त्यांच्यापुढे जमिनीवर बसली. सगळं सांगितलं. बुंध्यावरची कडी, फोल बिया, अळंबी, वगळलेला शेरा. "तुम्ही बरोबर होतात, बाबा. त्या दिवशी तुम्ही बघता क्षणी ओळखलंत."

तिला वाटलं होतं, ते निदान एकदा म्हणतील, मी सांगत होतो. म्हणायला हवं होतं. तिला ते ऐकायचं होतं. ऐकून थोडं हलकं व्हायचं होतं. दौलतरावांनी झोपाळा पायाने थांबवला.

"त्या सत्काराच्या सालीच जोगळ्यांचा आंबा असाच फळला व्हता," ते म्हणाले. "त्याच्या आज्यान लावलेला. जोगळ्यांची वयनी नाचत आली, काका, बगा तरी! मी गेलो. बुंध्याशी गेलो नि मना दिसला, जाताय ह्या. आताच मुळाशी कायतरी केला तं वाचंल. बोललो नाय मी."

"का, बाबा?"

"मना वाटला, आपन अडानी. चारचौघांत कायतरी बोलून जाताव आनि आपल्या मानसाची मान खाली व्हते. तिला म्हटला, विद्यापीठात इचार. त्ये येईपरेंत आंबा सुकला." त्यांनी आपले हात उलटसुलट करून पाहिले. नखं स्वच्छ होती. तीन वर्षांत चिकाचा काळा डाग निघून गेला होता. "मंग सुरी धरवना. वाटं, आपल्याला खरा दिसताय का नुसता वाटताय?"

तृप्तीने त्यांच्या गुडघ्याला हात लावला आणि तो तिथेच ठेवला. एका हशासाठी तिने काय तोडलं होतं ते आत्ता पुढ्यात होतं, स्वच्छ नखांचं. खोऱ्यातल्या झाडांची लाज तिला माणसांपुढे वाटत होती. या नखांची लाज एकटीलाच वाटायची होती, आणि ती जास्त खोल होती. ती रडली, पण त्याने काही निस्तरलं नाही.

थोड्या वेळाने दौलतरावांनीच विचारलं, "त्याच्या भावकीतला झाड हाय काय कुटं? खुंटाला? काडी बांदाया?"

"आहे. त्याच कुळातला सुरू. थंडीतला."

"काडी ताजी हवी. जित्या फांदीची." त्यांनी पुन्हा झोपाळा हलवला. "आदी झाडा तं सोडव."

*

सुनावणी त्याच सभागृहात झाली. मंडळाची माणसं पाच देशांतून पडद्यावर बोलत होती. त्याच तीस फुटी पडद्यावर. खांबेटेसर दुसऱ्या रांगेत. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची रिकामी होती आणि तृप्तीचे डोळे पुन्हा पुन्हा तिकडेच जात होते.

तिने कडी दाखवली, बिया दाखवल्या, मुळांच्या तपासणीचा निकाल वाचला. अध्यक्षबाईंनी शांतपणे ऐकलं. मग त्यांनी नियमाप्रमाणे विचारायचं ते विचारलं. "डॉ. गोरिवले, झाडं मरणपंथाला लागली आहेत ही शंका तुमच्यापुढे पहिल्यांदा कधी आली?"

उत्तर अगदी सोपं होतं. यंदाच्या मेमध्ये. दोन शब्द. खांबेटेसर तेच शब्द ओठांनी म्हणत असावेत असं तिला वाटलं.

"अहवाल पाठवायच्या दोन दिवस आधी," ती म्हणाली. "आणि पुन्हा त्याच दिवशी सकाळी."

अध्यक्षबाई पडद्यावर पुढे झुकल्या.

"कोणाकडून?"

"सोमवारी सकाळी वनरक्षक आके मिहू यांच्या नोंदीतून. त्यांचा शेरा मी वगळला. त्याची मूळ प्रत मी जोडली आहे. आणि त्याआधी, शनिवारी संध्याकाळी, याच सभागृहात, दौलत भिकाजी गोरिवले यांच्याकडून."

"त्यांची पात्रता?"

"पन्नास वर्षं आंब्याची कलमं बांधतात. चित्र बघून त्यांनी सांगितलं, हे झाड बरं नाही, हे जातंय. तीनशे लोकांनी ऐकलं. या सभागृहाच्या ध्वनिमुद्रणात आहे ते." पुढचं वाक्य तिने कागदावर लिहिलेलं नव्हतं. "त्यानंतर मी काय बोलले तेही त्यात आहे. ते कृपा करून ऐकावं. मला त्यांची लाज वाटली, म्हणून मी लोकांना त्यांच्यावर हसवलं. झाडाकडे बघितलं असतं, तर बाबा बरोबर आहेत असं म्हणावं लागलं असतं. म्हणून बघितलं नाही."

मंडळाने ध्वनिमुद्रण मागवलं. ते तिथेच लावलं गेलं. सभागृहात बाबांचा आवाज घुमला, बांधावरून हाक मारल्यासारखा; मग तिचा, गोड, हसरा; मग तीनशे माणसांचा हशा. यंत्राने तो हशा अगदी स्वच्छ टिपला होता. त्याच्या शेवटी, बारीक, उशिराने, एक एकट्या माणसाचं हसू होतं. ते तिने त्या दिवशी ऐकलं नव्हतं.

निर्णय तासाभरात आला. नववा नियम लागू. नोंद मुळातून रद्द. मेघसुरू : अतिसंकटग्रस्त. खोऱ्यातली सर्व तोड त्या क्षणापासून बंद. दुसऱ्या परिच्छेदात तिचं नाव होतं आणि त्यापुढे, कायमचं वगळण्यात येत आहे. वगळा हा शब्द तिला चांगला ओळखीचा होता.

खांबेटेसर तिच्याकडे न बघता बाहेर गेले. अकरा देशांना पत्रं लिहायची होती त्यांना. आकेला तृप्तीने स्वतः कळवलं. आकेने एवढंच म्हटलं, "चाळीस तर गेलीच." आणि ते खरंच होतं.

मग तिने घरी फोन लावला. दोन घंटा वाजायच्या आत उचलला गेला. ते फोनपाशीच बसले असणार.

"सोडलानी?" दौलतरावांनी विचारलं.

"सोडली, बाबा. सगळी सोडली."

"आनि तुला?"

रिकाम्या सभागृहात पडदा अजून पांढरा उजळलेला होता. तृप्ती पहिल्या रांगेत मधल्या खुर्चीवर बसली.

"मला नाही सोडलं."

पलीकडे झोपाळ्याच्या कड्या दोनदा करकरल्या आणि थांबल्या.

"असूं दे," बाबा म्हणाले. "येताना माजी सुरी घेवन ये."